पावसाळ्यातही भरणारी मंडळी : कोकणात स्थानिक ख्रिस्ती मंडळीची बांधणी कशी करावी

कोकणातल्या एखाद्या ख्रिस्ती मंडळीचे, म्हणजे एका चर्चच्या सभासदसमूहाचे, बळ जोखायचे असेल, तर तिच्या नाताळच्या उपासनेची छायाचित्रे पाहू नयेत. आषाढातल्या एखाद्या रविवारची हजेरी पाहावी. डिसेंबरात आणि मे महिन्यात मुंबई-ठाण्याहून चाकरमानी गावी येतात, बाके भरतात, अर्पणाची थैली जड होते आणि आपली मंडळी मोठी आहे असे पाळकाला वाटू लागते. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात ओढे भरून वाहू लागले, एसटीच्या फेऱ्या बेभरवशाच्या झाल्या आणि माणसे लावणीला लागली, की त्याच उपासनागृहात काही वृद्ध, चार-दोन स्त्रिया आणि लहान मुले एवढीच उरतात. मंडळी खऱ्या अर्थाने या उरलेल्यांवर उभी असते आणि तिची बांधणीही त्यांच्यापासूनच सुरू झाली पाहिजे. पुढील विवेचन मुख्यतः प्रॉटेस्टंट परंपरेतील लहान मंडळ्या डोळ्यांसमोर ठेवून केले आहे. कॅथलिक धर्मग्रामांची (पॅरिशांची) अधिकाररचना आणि मालमत्तेची व्यवस्था वेगळी असते. तरीही वाडीतील गट, हिशेब आणि दफनभूमी यांविषयीचा भाग त्यांनाही उपयोगी पडावा.

या किनाऱ्याचा इतिहास इथे लक्षात घेण्यासारखा आहे. स्कॉटिश मिशनरी 1823 मध्ये बाणकोटला आले, पुढे हर्णैलाही त्यांचे ठाणे झाले, त्यांनी गावोगाव मराठी शाळा काढल्या; पण काही वर्षांतच त्यांचे लक्ष मुंबई आणि पुण्याकडे वळले आणि कोकणातले काम मागे पडले. याउलट पोर्तुगीजांची सत्ता 1740 मध्ये संपली तरी रेवदंड्याच्या खाडीपलीकडच्या कोर्लईतला ख्रिस्ती समाज टिकला, इतका की पोर्तुगीजमधून घडलेली त्याची स्वतंत्र बोली आजही तिथे बोलली जाते. त्याला अनेक कारणे आहेत, पण एकमेकांना लागून असलेली घरे आणि रोजचा परस्परांशी व्यवहार हे त्यांतले एक निश्चित आहे. बाकीच्या कोकणात ख्रिस्ती घरे अशी एकत्र नसतात. एक घर या वाडीत, दुसरे डोंगरापलीकडे आणि तिसरे खाडीच्या पैलतीरी असते. म्हणून जी जवळीक कोर्लईत वस्तीमुळे आपोआप मिळाली, ती इतरत्र ठरवून, नेमाने आणि कष्टाने निर्माण करावी लागते.

पहिली पायरी : घरटी नोंद

कामाची सुरुवात सभेने करू नये, नोंदवहीने करावी. बहुतेक मंडळ्यांकडे सभासदांची यादी असते, पण ती बाप्तिस्म्यांच्या नोंदीवरून उतरवलेली असते आणि तिच्यात मृत, स्थलांतरित आणि दुसऱ्या मंडळीत गेलेली माणसे तशीच राहिलेली असतात. नवी नोंद घरागणिक करावी. प्रत्येक घरासाठी एक पान ठेवावे आणि त्यावर वाडी, घरात प्रत्यक्ष राहणारी माणसे, मुंबईत किंवा परदेशात असलेली माणसे, प्रत्येकाचा बाप्तिस्मा व दृढीकरण (बाप्तिस्म्यानंतर विश्वास जाहीरपणे कबूल करण्याचा विधी), उपजीविका, उपासनागृहापर्यंत येण्याचे साधन, आजारपण आणि शेवटची भेट कोणी व कधी दिली, एवढ्या गोष्टी लिहाव्यात. शेवटचा रकाना सर्वांत महत्त्वाचा आहे, कारण ज्या घरी वर्षभरात कोणी गेलेले नाही ते घर मंडळीत केवळ कागदावर असते.

ही नोंद करण्यासाठी पाळकाने एकट्याने फिरू नये. त्या वाडीतला एक सभासद आणि शक्यतो एक स्त्री सोबत असावी, कारण घरातली खरी परिस्थिती, म्हणजे दारू, कर्ज, सुनेचा छळ किंवा शाळा सोडलेले मूल, बहुधा स्वयंपाकघराच्या दारात कळते, ओटीवर कळत नाही. जे कळेल ते वहीत लिहायचे नसते, हेही आधीच ठरवून घ्यावे. वही व्यवस्थेसाठी असते. खासगी गोष्टी वहीत आल्या की दुसऱ्या भेटीत दार अर्धेच उघडते.

नोंदीतून दोन याद्या तयार कराव्यात, एक गावात राहणाऱ्यांची आणि दुसरी चाकरमान्यांची. दोन्हींच्या जबाबदाऱ्या वेगळ्या आहेत. मतदान, पदे आणि दैनंदिन निर्णय गावात राहणाऱ्यांकडे असावेत. चाकरमान्यांनी आपण मुंबईत ज्या मंडळीत उपासनेला जातो तिथले सभासदत्व प्रामाणिकपणे घ्यावे आणि गावच्या मंडळीला नियमित साहाय्य करावे. कोकणातल्या बहुतेक गावांची मुंबईत ग्रामस्थ मंडळे असतात आणि गावातले रस्ते, शाळा, सभागृहे त्यांच्याच पैशातून उभी राहतात. पण त्यांपैकी अनेक ठिकाणी गावचा कारभारही मुंबईतूनच चालतो, आणि मंडळीने नेमकी हीच गोष्ट टाळली पाहिजे. मे महिन्यातल्या एका सभेत पंधरा दिवसांसाठी आलेल्या माणसांनी वर्षभराचे निर्णय घ्यायचे आणि पावसाळ्यात ते गावातल्या विधवेने पाळायचे, हे न्यायाचे नाही.

दुसरी पायरी : हंगामाप्रमाणे वेळापत्रक आणि वाडीतील गट

शहरातल्या मंडळीचे वार्षिक वेळापत्रक उचलून कोकणात लावले, तर निम्मे कार्यक्रम फसतात. इथे मार्च ते मे हे महिने आंबा-काजूचे असतात आणि बागेत काम करणाऱ्या माणसाला रविवारही मोकळा नसतो. जून-जुलैमध्ये लावणी असते, तर ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये भातकापणी आणि झोडणी. यांत्रिक नौकांची मासेमारी जून आणि जुलैमध्ये बंद असते, त्यामुळे दर्यावर जाणारी माणसे नेमकी तेव्हा घरी असतात, जेव्हा शेतकरी घरी नसतात. रायगडातल्या कातकरी कुटुंबांत श्रद्धावान असतील, तर त्यांतली अनेक दिवाळीनंतर वीटभट्ट्यांवर जातात आणि पावसाच्या तोंडावर परततात. यावरून निष्कर्ष असा निघतो की सखोल शिक्षणाचे वर्ग पावसाळ्यात वाडीवाडीत घ्यावेत, मोठी संमेलने जानेवारी-फेब्रुवारीत ठेवावीत आणि कापणीचा उपकारस्तुतीचा सण भात घरात आल्यावर करावा, कारण अर्पणासाठी आणलेले नवे तांदूळ, नारळ आणि भोपळे त्या वेळी माणसाच्या स्वतःच्या अंगणातले असतात. रविवारच्या उपासनेची वेळ घड्याळावरून ठरवू नये. लांबच्या वाडीची पहिली एसटी कधी पोहोचते आणि परतीची कधी सुटते, ते पाहून ठरवावी.

वाडीतील गट हा सगळ्या बांधणीचा कणा आहे, म्हणून त्याविषयी जरा विस्ताराने लिहितो. चार ते आठ घरांचा एक गट असावा. त्याहून कमी घरे असतील तर शेजारची वाडी जोडावी, आणि जास्त झाली तर भिडेखातर एकत्र न ठेवता गट दोन करावेत. गटाने आठवड्यातून एकदा, ठरलेल्या वारी, पाळीपाळीने प्रत्येक घरी जमावे. एका तासात एक गीत, पवित्र शास्त्रातील एक उतारा, त्यावर सर्वांचे बोलणे, एकमेकांच्या गरजांसाठी प्रार्थना आणि पुढच्या आठवड्यात कोणाकडे कोणी जायचे याची वाटणी, एवढेच असावे. चर्चेसाठी तीन प्रश्न पुरतात: या उताऱ्यात देवाविषयी काय कळते, माणसाविषयी काय कळते आणि या आठवड्यात आपण काय करायचे. तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर मोघम येऊ देऊ नये. "अधिक प्रेम करू" या उत्तराला काही अर्थ नाही. "खालच्या वाडीतल्या आजीला गुरुवारी दवाखान्यात नेऊ" याला आहे.

या सभेत चहापलीकडे काहीही करायचे नाही, हा नियम पहिल्याच दिवशी सर्वांच्या संमतीने करावा आणि तो कोणासाठीही मोडू नये. एका घरी पोहे झाले की दुसऱ्या घरी वडे होतात, तिसऱ्या घरी कोंबडी कापली जाते आणि चौथे घर, ज्याच्याकडे त्या महिन्यात साखरही उधारीची असते, ते आपली पाळी पुढे ढकलू लागते. ते घर मग उपासनेलाही येईनासे होते आणि कारण कोणालाच कळत नाही. करिंथच्या मंडळीत आधी आलेले जेवून तृप्त होत आणि उशिरा आलेले गरीब उपाशी राहत, म्हणून प्रेषित पौलाने तिला खडसावले होते. आपल्याकडे तीच गोष्ट अधिक सौजन्याने घडते, इतकाच फरक.

गटप्रमुख हा पाळकाचा निरोप्या नव्हे. महिन्यातून एकदा सर्व गटप्रमुखांनी पाळकाबरोबर बसावे, पुढच्या चार उताऱ्यांचा अभ्यास आधी स्वतः करावा आणि घरांची स्थिती सांगावी. वसईकडच्या कॅथलिक धर्मग्रामांतही शेजारच्या घरांचे लहान ख्रिस्ती समूह याच पद्धतीने चालतात.

तिसरी पायरी : उपासना, गीत आणि वचनाची सेवा

कोकणात एका पाळकाकडे तीन-चार गावे असणे नेहमीचे आहे. म्हणून महिन्यातील दोन रविवार पाळकाने आणि उरलेले रविवार स्थानिक वडिलांनी (मंडळीच्या निवडलेल्या ज्येष्ठांनी) किंवा प्रशिक्षित उपदेशकांनी सांभाळावेत. अननुभवी उपदेशकाने दर वेळी नवा विषय शोधू नये. एकच पुस्तक क्रमाने घ्यावे. मार्ककृत शुभवर्तमानाचे 16 अध्याय आठवड्याला एक याप्रमाणे जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पूर्ण होतात, आणि पावसामुळे एखादा रविवार चुकलेल्या माणसालाही आपण कुठे आहोत ते कळते. उपदेश वीस मिनिटांहून लांबू नये. ध्वनिक्षेपक असला तरी तो खोलीपुरताच ठेवावा. पंचवीस माणसांच्या उपासनेला चौकात ऐकू जाईल एवढ्या आवाजाची गरज नसते.

गीतांच्या बाबतीत मराठी मंडळ्यांकडे मोठा ठेवा आहे. रत्नागिरी जिल्ह्यातील करजगावी 1861 मध्ये जन्मलेले आणि 1895 मध्ये बाप्तिस्मा घेतलेले नारायण वामन टिळक यांनी अभंग, ओवी आणि कीर्तन हे घराघरांत रुळलेले प्रकार ख्रिस्ती भक्तीसाठी वापरले, आणि त्यांची पदे आजही मराठी मंडळ्यांत म्हटली जातात. तरुणांना गिटार आणि हिंदी गीते हवी असतील तर अवश्य घ्यावीत, पण दर रविवारी एक तरी अभंग पेटी आणि तबल्यावर व्हावा, आणि तो तरुणांनीच बसवावा. वृद्धांना शब्द पाठ असतात, तरुणांना ताल येतो; या सरावाच्या निमित्ताने दोन पिढ्या एका खोलीत तासभर बसतात, हा त्यातला मोठा लाभ. प्रार्थना प्रमाण मराठीतच केली पाहिजे अशी सक्ती सिंधुदुर्गात तरी नको. मालवणी बोलणारी स्त्री आपल्या बोलीत प्रार्थना करते तेव्हा तिला शब्द शोधावे लागत नाहीत.

चौथी पायरी : नव्या माणसाची तयारी

नव्याने विश्वास ठेवणाऱ्या माणसाला घाईने बाप्तिस्मा देणे हा मंडळी दुबळी करण्याचा खात्रीचा मार्ग आहे. निदान एक पावसाळा आणि एक उन्हाळा त्याने वाडीतील गटात घालवावा, ख्रिस्ताचे जीवन, प्रार्थना, दहा आज्ञा, प्रभुभोजन आणि मंडळीतील जबाबदाऱ्या यांचे शिक्षण घ्यावे, आणि मगच स्वतःहून मागणी करावी. संविधानाच्या 25व्या अनुच्छेदाने धर्म आचरण्याचे आणि त्याचा प्रसार करण्याचे स्वातंत्र्य दिले आहे, परंतु दुसऱ्याचे धर्मांतर करण्याचा हक्क त्यात येत नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने 1977 मध्ये स्टॅनिस्लॉस खटल्यात दिला. कायदा बाजूला ठेवला तरी मंडळीचे हितही यातच आहे. मदत, शाळेची फी, औषधोपचार किंवा नोकरी यांचा बाप्तिस्म्याशी दुरूनही संबंध जोडला जाऊ नये. ज्या काळात एखाद्या घराला मदत चालू आहे, त्या काळात त्या घरातील बाप्तिस्मा पुढे ढकलणे शहाणपणाचे. अल्पवयीन मुलाला आईवडिलांच्या संमतीशिवाय वर्गात घेऊ नये.

आणखी एक गोष्ट अनेक पाळक सांगायचे टाळतात. संविधान (अनुसूचित जाती) आदेश, 1950 नुसार अनुसूचित जातीचा दर्जा हिंदू, शीख आणि 1990 च्या दुरुस्तीनंतर बौद्ध व्यक्तींना मिळतो. ख्रिस्ती झालेल्या व्यक्तीला तो मिळत नाही. अनुसूचित जमातींच्या बाबतीत धर्माची अशी अट नाही. रत्नागिरी-रायगडातील दलित कुटुंबातून येणाऱ्या माणसाला शिष्यवृत्ती, नोकरी आणि राखीव जागा यांवर काय परिणाम होईल, हे बाप्तिस्म्याआधी समोर बसवून स्पष्ट सांगितले पाहिजे, आणि नोंदीत एक व दाखल्यावर दुसरे अशी सोय सुचवू नये. माहिती लपवून मिळवलेला सभासद पुढे कटू होतो आणि त्याचा कटूपणा रास्त असतो.

सभासदत्व घेताना एक छोटी लेखी प्रतिज्ञा असावी: उपासना, वाडीतील गट, नियमित अर्पण, आजाऱ्यांची भेट आणि भांडण झाल्यास समेटाच्या रीतीने वागणे. दरवर्षी कापणीच्या सणाला ती सर्वांनी, जुन्यांनीही, पुन्हा उच्चारावी.

पाचवी पायरी : वडील आणि सेवक

आरंभीच्या मंडळीत ग्रीक बोलणाऱ्या विधवांकडे रोजच्या वाटणीत दुर्लक्ष होत असल्याची तक्रार आली, तेव्हा त्या कामासाठी सात माणसे निवडली गेली, आणि त्या सातांची नावे ग्रीक आहेत. ज्यांची तक्रार होती त्यांच्याकडेच वाटणी सोपवण्यात आली, एवढे त्यातून घेतले तरी पुष्कळ. आपल्याकडे मंडळीचा कारभार पाहणारे पंच मंडळ बहुधा एकाच भावकीचे असते. जुन्या मिशनच्या काळापासूनची दोन-तीन घराणी आळीपाळीने खुर्च्या सांभाळतात. त्यावर उपाय म्हणून तीन वर्षांची मुदत, लागोपाठ दोनच मुदती, एका घरातील एकच व्यक्ती पदावर, खजिनदार आणि अध्यक्ष परस्परांचे नातलग नसावेत, आणि प्रत्येक वाडीचा निदान एक प्रतिनिधी, असे नियम घटनेत लिहून घ्यावेत. पावसाळ्यातल्या उपासनेत बहुसंख्य स्त्रिया असतात. पंच मंडळात मात्र शोभेपुरती एक असते, हे फार विचित्र आहे.

निवडीच्या वेळी नव्या करारातील, तीमथ्याला आणि तीताला लिहिलेल्या पत्रांतील गुणांची यादी मोठ्याने वाचावी. तिथे वक्तृत्वाहून अधिक भर घर, पैसा, मद्य आणि स्वभाव यांवर आहे. उमेदवाराच्या शेजाऱ्याला, मग तो कोणत्याही धर्माचा असो, त्याच्याविषयी काय वाटते हे शांतपणे विचारून घ्यावे.

सहावी पायरी : पैसा

अर्पण उपासना संपताच, परस्परांचे नातलग नसलेल्या दोघांनी तिथेच मोजावे, पावतीपुस्तकात लिहावे आणि दोघांनी सही करावी. रोख रक्कम घरी नेऊ नये. नेणे भाग पडले तर सोमवारी बँकेत भरणा व्हावा. बँक खाते मंडळीच्या नावे आणि दोन सह्यांचे असावे. हल्ली पाळकाच्या किंवा खजिनदाराच्या स्वतःच्या खात्याचा क्यूआर कोड उपासनागृहात लावलेला दिसतो. तो माणूस कितीही प्रामाणिक असला तरी ही पद्धत तत्काळ बंद करावी, कारण उद्या त्याच्यावर संशय आला तर स्वतःचा निर्दोषपणा त्याला सिद्ध करता येणार नाही. यहूदियातील गरिबांसाठी जमवलेली रक्कम नेताना पौलाने याच विचाराने इतरांना सोबत घेतले होते. दर महिन्याचा जमाखर्च एका पानावर लिहून दाराजवळच्या फळ्यावर लावावा.

मंडळीची न्यास म्हणून नोंदणी असेल, तर महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, 1950 खाली विश्वस्त बदलल्यावर 90 दिवसांच्या आत धर्मादाय कार्यालयात चेंज रिपोर्ट (बदलाची लेखी माहिती) द्यावा लागतो, वार्षिक लेखापरीक्षण करावे लागते आणि स्थावर मालमत्ता विकण्यापूर्वी धर्मादाय आयुक्तांची परवानगी घ्यावी लागते. चेंज रिपोर्ट वर्षानुवर्षे न दिल्यामुळे दप्तरी विश्वस्त म्हणून केवळ मृतांची नावे उरली, अशी परिस्थिती येऊ देऊ नये. मंडळीच्या जमिनींचे निम्मे वाद तिथूनच उपजतात. परदेशी स्रोताकडून येणारा पैसा विदेशी अंशदान कायद्याची नोंदणी किंवा पूर्वपरवानगी असल्याशिवाय स्वीकारता येत नाही, आणि 2020 च्या दुरुस्तीनंतर नोंदणीकृत संस्थेलाही तो दुसऱ्या संस्थेकडे वर्ग करता येत नाही.

पाळकाचे मानधन ठरलेल्या तारखेला आणि पूर्ण द्यावे. चाकरमान्यांनी छपरासाठी एकदम लाख रुपये द्यावेत आणि त्यावर नावाची फरशी बसवावी, यापेक्षा त्यांच्या वीस घरांनी दरमहा पाचशे रुपये नेमाने पाठवावेत हे मंडळीच्या अधिक हिताचे आहे. त्यातून दरमहा दहा हजारांची खात्री मिळते आणि पाळकाला जूनमध्ये उसनवारी करावी लागत नाही.

सातवी पायरी : भांडणे, शिस्त आणि मुलांची सुरक्षितता

मंडळीतील बहुतेक भांडणांचे मूळ धर्मशास्त्रात नसते. ते सातबाऱ्यावरच्या नावांत, बांधावरच्या काजूच्या झाडात किंवा सामायिक विहिरीत असते. मत्तयकृत शुभवर्तमानाच्या अठराव्या अध्यायातील क्रम, म्हणजे आधी एकट्याने भेटणे, नंतर एक-दोघांना सोबत नेणे आणि शेवटी मंडळीसमोर मांडणे, हा सर्वांना पाठ असतो. पाळताना मात्र तो उलटा होतो आणि पहिली खबर व्हॉट्सॲप गटावर येते. म्हणून पंच मंडळाने तक्रार ऐकण्यापूर्वी पहिला प्रश्न एवढाच विचारावा: "तुम्ही त्यांना स्वतः भेटलात का?" जमिनीच्या हक्काचा निवाडा करणे हे पाळकाचे काम नव्हे, त्याने दोन्ही पक्षांना एका वकिलाकडे किंवा तलाठ्याकडे एकत्र पाठवावे आणि निकाल लागेपर्यंत त्यांचे बोलणे चालू राहील एवढे पाहावे.

मुलांच्या बाबतीत मात्र समेटाची रीत लागू होत नाही. संडेस्कूल, शिबिरे आणि वसतिगृहे यांत मुलांसोबत नेहमी दोन प्रौढ असावेत, दार उघडे असावे आणि कोणालाही एकट्या मुलाला घरी सोडायला पाठवू नये. लैंगिक शोषणाची माहिती मिळाल्यावर ती पोलिसांना देणे 2012 च्या पॉक्सो कायद्याने प्रत्येकावर बंधनकारक आहे. पंच मंडळात आधी चौकशी करू, मंडळीची बदनामी टाळू, हा विचार बेकायदेशीर आहे आणि क्रूरही. 1098 हा बालसाहाय्य क्रमांक फळ्यावर लिहिलेला असावा.

आठवी पायरी : गाव, वर्गणी आणि दफनभूमी

कोकणात माणूस आधी गावचा असतो. शिमग्याची पालखी, ग्रामदेवतेचा उत्सव आणि त्यासाठी घरटी वर्गणी हा प्रश्न प्रत्येक ख्रिस्ती घरासमोर येतो. तो प्रत्येकाने आपापल्या परीने सोडवला, की एक घर गुपचूप देते, दुसरे भांडते आणि तिसरे होळीच्या सुमारास मुंबईला जाते. गावकीला यातले काहीच आवडत नाही. मंडळीने एकत्र बसून एक भूमिका ठरवावी. माझ्या मते रस्ता, पाखाडी, विहीर, शाळा, स्मशानाची वाट आणि आजाऱ्याची मदत यांसाठी इतर घरांएवढे किंवा थोडे अधिक द्यावे, श्रमदानाला पहिल्यांदा हजर राहावे, आणि पूजेच्या खर्चात भाग का घेता येत नाही हे उत्सवाच्या आधी निदान महिनाभर, गावातील मान्यवरांच्या घरी जाऊन नम्रपणे सांगावे. वाळीत टाकण्यापर्यंत गोष्ट गेलीच, तर सामाजिक बहिष्काराविरुद्धचा महाराष्ट्राचा 2016 चा कायदा आहे; पण तक्रार नोंदवल्यावरही त्याच विहिरीवर पाणी भरायचे असते, याचा विचार आधी करावा. अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशनने वेंगुर्ल्यात रुग्णालय चालवले तेव्हा ते सर्व धर्मांच्या आजाऱ्यांसाठी होते. गावाशी नाते जोडण्याचा तो मार्ग लहान मंडळीलाही, रक्तगटांची यादी किंवा दहावीच्या मुलांची अभ्यासिका अशा रूपात, अनुसरता येतो.

दफनभूमीचा प्रश्न कोणी मरण पावल्यावर काढू नये. लहान मंडळीत अनेकदा मृतदेह घरात ठेवून जागेसाठी धावाधाव करावी लागते, आणि त्या घाईत झालेला वाद पिढ्यान्‌पिढ्या राहतो. दुःख नसलेल्या वर्षात ग्रामपंचायतीकडे अर्ज करावा, ग्रामसभेचा ठराव घ्यावा, मोजणी करून हद्दीचे दगड रोवावेत आणि जमिनीच्या अभिलेखात त्या वापराची नोंद झाली की नाही ते स्वतः पाहावे. जांभ्याच्या कातळात कबर खणायला पाच-सहा माणसे आणि पहारी लागतात, तर पावसाळ्यात खड्ड्यात पाणी भरते. म्हणून प्रत्येक वाडीतील दोन तरुणांची नावे ठरलेली असावीत आणि पहारी, फावडी, ताडपत्री व दोर एका जागी ठेवलेले असावेत. ज्या मंडळीचे तरुण भर पावसात दुसऱ्याच्या वडिलांची कबर खणतात, तिच्या निष्ठेची वेगळी चौकशी करावी लागत नाही.

नववी पायरी : इमारत, आणि ती इतक्या उशिरा का

इमारतीचा विषय नवव्या क्रमांकावर आला आहे, कारण तिला तिथेच स्थान आहे. घराच्या पडवीत वीस माणसे तीन पावसाळे नेमाने जमली नसतील, तर चिऱ्याच्या भिंती बांधून ती जमणार नाहीत. जागा घेताना ती पाळकाच्या किंवा एखाद्या सभासदाच्या नावे घेऊ नये, कारण त्याच्या पश्चात वारस हक्क सांगतात आणि कायदा त्यांच्या बाजूने असतो. शेतजमीन असेल तर खरेदीची पात्रता आणि बिनशेती वापर, किनाऱ्यालगत असेल तर सीआरझेडचे (किनारपट्टी नियमन क्षेत्राचे) निर्बंध, आणि प्रार्थनास्थळ म्हणून लागणाऱ्या परवानग्या यांची चौकशी तहसील आणि जिल्हाधिकारी कार्यालयात व्यवहार होण्यापूर्वी करावी.

बांधकाम साधे आणि मजबूत असावे. 3 जून 2020 रोजी निसर्ग चक्रीवादळाने रायगड आणि उत्तर रत्नागिरीत हजारो घरांचे पत्रे उडवले. पत्र्याचे छप्पर घालायचे असेल तर ते भिंतीतून घेतलेल्या लोखंडी सळ्यांना बांधलेले असावे आणि पडवी वेगळ्या छपराची असावी, म्हणजे वारा पडवी उचलेल पण मुख्य छप्पर राहील. जोते उंच घ्यावे. 22 जुलै 2021 च्या चिपळूणच्या पुराचा अनुभव पाहता, उंचावर असलेली कोणतीही सार्वजनिक खोली संकटात निवारा होते. म्हणून किल्ली दोन शेजाऱ्यांकडे, त्यांतली एक ख्रिस्तेतर शेजाऱ्याकडे, असावी आणि एकट्या राहणाऱ्या वृद्धांची यादी पावसाळ्यापूर्वी गटप्रमुखांकडे दिलेली असावी.

दहावी पायरी : पाळक बदलताना

पाळकाची बदली किंवा निवृत्ती ही मंडळीच्या बांधणीची खरी परीक्षा असते. निरोपसमारंभ आणि शाल-श्रीफळ यांपूर्वी दप्तराचे हस्तांतरण लेखी व्हावे: घरटी नोंदवही, बाप्तिस्मा, विवाह आणि दफन यांची रजिस्टरे, न्यासाचे नोंदणी प्रमाणपत्र, शेवटचा चेंज रिपोर्ट, सातबारा, लेखापरीक्षण अहवाल, बँकेचे पुस्तक आणि इमारतीच्या परवानग्या. विवाहाच्या बाबतीत विशेष दक्षता हवी, कारण 1872 च्या भारतीय ख्रिस्ती विवाह कायद्यानुसार प्रत्येक उपदेशकाला विवाह लावण्याचा अधिकार नसतो. नव्या पाळकाची दीक्षा त्या कायद्यात बसते किंवा त्याच्याकडे परवाना आहे, याची खात्री पंच मंडळाने कागद पाहून करावी आणि तोपर्यंत विवाह शेजारच्या मंडळीच्या अधिकृत पाळकाकडून लावून घ्यावेत. नव्या पाळकाने पहिले तीन महिने कोणतीही जुनी पद्धत बदलू नये, प्रत्येक वाडीतील गटात निदान दोनदा बसावे आणि नोंदवहीतील "शेवटची भेट" हा रकाना स्वतःच्या हाताने भरायला घ्यावा. शक्य असल्यास त्याची नेमणूक मे महिन्यात न करता जूनमध्ये व्हावी, म्हणजे त्याला आपली मंडळी पहिल्याच रविवारी जशी आहे तशी दिसेल.